पुढे गेले ते दोघे, थांबला तो एक





‘पुरोगामी’ हा शब्द आपण महाराष्ट्रात फार वापरतो. व्यासपीठावर वक्ता उभा राहिला की फुले, शाहू, आंबेडकरांच्या पुरोगामी महाराष्ट्राचा उल्लेख ठरलेलाच असतो. अलीकडे काही जण तोच शब्द टोमणा म्हणूनही वापरू लागले आहेत. एक जण तो मिरवतो, दुसरा त्याची चेष्टा करतो आणि या ओढाताणीत त्याचा अर्थ विचारायचे राहूनच जाते. तो आज आपण विचारू या.

शब्दाची फोड सोपी आहे. ‘पुरस्’ म्हणजे पुढे, ‘गामी’ म्हणजे जाणारा. जो पुढे जातो तो पुरोगामी. समाज चांगला व्हायचा तर त्याने पुढे गेले पाहिजे, हे कोणालाही पटेल. पण रस्त्याच्या कडेला कोणी पडलेला असताना पुढे जाणे, यालाही आपण प्रगतीच म्हणायचे का? हा प्रश्न आमच्या मनात आला तो चांगल्या शोमरोन्याचा दाखला पुन्हा वाचताना.

संत लूकने हा दाखला आपल्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात दिला आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारा रस्ता सुमारे एक हजार मीटर खाली उतरतो. अंतर पारोळ्याहून धुळ्याला जायला लागते त्यापेक्षा थोडे कमी. वाट खडकाळ आणि निर्जन, लुटारूंची भीती कायमची. त्या वाटेवर एका माणसाला चोरांनी लुटले, मारले आणि अर्धमेला करून टाकून दिले. तिथून प्रथम एक याजक गेला, मग एक लेवी गेला. दोघांनी त्याला पाहिले आणि दोघेही दुसऱ्या बाजूने निघून गेले. तिसरा आला तो शोमरोनी. तो थांबला.

बंधु-भगिनींनो, शब्दाचा अर्थ नुसता अक्षरशः घेतला, तर या कथेत पुढे गेले ते पहिले दोघे! त्यांचा वेळ वाया गेला नाही, कपड्याला रक्ताचा डाग लागला नाही, ठरल्या वेळी ते मुक्कामी पोहोचले असतील. प्रभूने मात्र आदर्श म्हणून दाखवला तो मागे राहिलेला तिसरा. त्याच्या प्रवासाचा खोळंबा झाला, पदरचे पैसे गेले, जनावरावरची स्वतःची जागा त्याने दुसऱ्याला दिली. तरीही माणूस म्हणून त्या दिवशी पुढे गेला तो एकटाच.

हा दाखला आम्हा धर्मगुरूंना अधिक बोचतो, कारण पहिला निघून गेलेला मनुष्य आमच्याच वर्गातला आहे. आणि येथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. धुळ्यात एका आजाऱ्याला भेटून आम्ही तिघे रात्री उशिरा परत येत होतो. महामार्गाच्या कडेला एक मोटारसायकल आडवी पडलेली दिसली आणि शेजारी एक मनुष्य. दोघे जण उभे राहून बघत होते. आमची गाडी हळू झाली. आत बोलणे झाले, पोलीस केस होईल, जबाब द्यावे लागतील, सकाळी सातची मिस्सा आहे, तिथे माणसे आहेतच. गाडीने पुन्हा वेग घेतला. दुसऱ्या दिवशी कळले की केळी भरून चाललेल्या एका टेम्पोच्या चालकाने त्या मनुष्याला उचलून दवाखान्यात नेले आणि तो वाचला. त्या चालकाचे नाव, गाव, जात, धर्म आम्हाला आजही ठाऊक नाही. सकाळी सातची मिस्सा मात्र वेळेवर झाली. त्या वेदीजवळ उभे असताना आम्हाला कसे वाटले, ते शब्दांत सांगता येत नाही.

आपले पारोळे या महामार्गावरच आहे. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत, आता तो ५३ झाला. म्हणून प्रत्येकाला ठाऊक असावी अशी एक गोष्ट येथे सांगतो. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी देशभर बंधनकारक केले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. या मदत करणाऱ्याला कायद्याने नाव कोणते दिले आहे? ‘गुड समॅरिटन’, म्हणजे आपला चांगला शोमरोनी! प्रभू येशूच्या दाखल्यातील एक परका मनुष्य दोन हजार वर्षांनी भारताच्या कायद्यात येऊन बसला. याला आम्ही पुरोगामी विचार म्हणतो. ‘पोलीस केस होईल’ ही आमची त्या रात्रीची सबब आता कोणालाही सांगता येणार नाही. पण कायदा फक्त भीती काढून घेतो. गाडीचा ब्रेक आपल्याच पायाने दाबावा लागतो.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. ज्यांना आपण समाजसुधारक म्हणतो, त्यांची चरित्रे या दाखल्याच्या उजेडात वाचली तर ती सगळी माणसे कुठे ना कुठे थांबलेली दिसतात.

आज रविवार. आपण निवांतपणे मिस्साला आलो. हा सुटीचा रविवार आपल्याला कोणामुळे मिळाला? मुंबईच्या गिरण्यांत कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होते. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य करून घेतली. त्यानंतर वर्षभरातच, १५ मे १८९१ रोजी, रोममध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. कामगाराला कुटुंब चालेल एवढे वेतन, संघटनेचा हक्क आणि विश्रांतीचा दिवस मिळाला पाहिजे, असे त्यांनी जगाला सांगितले. लोखंडे ख्रिस्ती नव्हते आणि पोपमहोदयांना ते ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही दोघे एकाच जखमी माणसापाशी थांबले होते. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले, त्यामागे याच परिपत्रकाची आठवण होती. यंत्रांच्या नव्या युगात कामगाराचे काय होईल, ही चिंता त्यांनी सुरुवातीलाच बोलून दाखवली.

लोखंड्यांचा शेवट कसा झाला, तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्लेगच्या साथीत जे शक्य होते ते मुंबई सोडून पळत होते. लोखंडे रुग्णांची सेवा करीत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेग झालेल्या एका दलित मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात पोहोचल्या होत्या आणि तो रोग त्यांना लागला. १८४८ साली मुलींची शाळा चालवायला निघालेली ही स्त्री आयुष्याच्या शेवटीही रस्त्यात थांबली. शोमरोन्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर घातले, सावित्रीबाईंनी आपल्या पाठीवर घेतले. आपण त्यांना पुरोगामी म्हणतो ते यासाठी.

आपल्या खानदेशातही अशी माणसे झाली. येथून जवळच अमळनेर आहे. तेथे १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या आमच्यासारख्यांना त्या वास्तूबद्दल विशेष ओढ वाटते. याच तत्त्वज्ञान मंदिरात पांडुरंग सदाशिव साने नावाचा एक तरुण अभ्यासासाठी आला. ग्रंथांच्या संगतीत आयुष्य काढणे त्याला सहज शक्य होते. पण १९२४ साली तो त्याच गावच्या शाळेत शिक्षक झाला आणि छात्रालयाचा भार त्याच्याकडे आला. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे ही कामे त्याने न बोलता केली. मुले त्यांना साने गुरुजी म्हणू लागली. आत्मा, जीव आणि जगत यांची चर्चा मौल्यवान आहे, हे आम्ही मनापासून मानतो. पण त्या चर्चेची परीक्षा कुठे होते, हे साने गुरुजींनी छात्रालयातल्या केरसुणीने दाखवून दिले.

याच गुरुजींनी पुढे पंढरपूरच्या मंदिरापाशी मुक्काम ठोकला. विठ्ठल सर्वांचा म्हणतात, पण अस्पृश्य ठरवलेल्या बांधवांना त्याच्या दारातून आत जाता येत नव्हते. गुरुजी काही महिने महाराष्ट्रभर फिरले, लोकांशी बोलले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपूरला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. १० मे रोजी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाल्यावर उपोषण सुटले. देश स्वतंत्र व्हायला तीन महिने उरले होते. सारे राष्ट्र पुढे निघाले असताना हा मनुष्य एका दारापाशी थांबला, कारण बाहेर राहिलेल्यांना मागे टाकून मिळालेले स्वातंत्र्य त्याला अपुरे वाटत होते.

बंधु-भगिनींनो, दुसऱ्याच्या दाराविषयी बोलणे सोपे असते. आपले दार कसे आहे?

ख्रिस्तसभेत सर्व समान, असे आपण शिकवतो. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जात धुऊन निघते, असेही म्हणतो. पण भारतातील कॅथोलिक बिशपांनी डिसेंबर २०१६ मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांना मान्य करावे लागले की आपल्या देशातील ख्रिस्तसभेतही जातिभेद आणि अस्पृश्यता शिल्लक आहे. हे कबूल करणे लाजिरवाणे होते, परंतु धाडसाचे होते. आपल्या लहानशा धर्मग्रामात वेगळे बाक नाहीत, ख्रिस्तप्रसाद सर्वांना एकाच पात्रातून मिळतो, याबद्दल देवाचे आभार मानू. पण लग्न जुळवताना आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? सणाच्या दिवशी कोणाच्या घरी जेवायला बसतो आणि कोणाच्या घरून ‘नुसता चहा पुरे’ म्हणून उठतो? याची उत्तरे प्रत्येकाने आपापल्या मनात द्यावीत. दाखल्यातील शास्त्र्याला प्रभूने विचारले की या तिघांपैकी शेजारी कोण ठरला, तेव्हा त्याने उत्तर बरोबर दिले. पण ‘शोमरोनी’ हा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही. ज्याने दया केली तो, एवढेच तो म्हणाला. आपल्याही जिभेला असे काही शब्द जड जातात.

दुसरे दार आपल्या लेकींचे आहे. आखाजीला खानदेशात झोके बांधतात, सासरच्या लेकी माहेरी येतात, गाणी होतात. लेकीचे इतके कौतुक करणारा हा मुलूख आहे. आणि याच आपल्या जळगाव जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८८० मुली होत्या, २०११ मध्ये ८४२ उरल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे देशातील पहिले राज्य महाराष्ट्र, तो कायदा १९८८ चा. मग १९९४ साली केंद्राचा कायदा आला. कागदावर आपण सर्वांच्या पुढे होतो आणि पाळणे मात्र रिकामे होत गेले. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्या आपल्या काळातील रस्त्याच्या कडेला टाकलेली माणसे आहेत. त्यांच्यावरून आपला सुशिक्षित, गाडी-बंगल्यांचा, पुढारलेला समाज निघून गेला.

आपण ख्रिस्ती असल्यामुळे हे आपल्या घरात घडत नाही, असे समजून स्वस्थ बसू नये. कारण ज्या विचारातून हे घडते, तो विचार आपल्याकडेही आहे. मुलगी म्हणजे परक्याचे धन, हे वाक्य आपल्या घरांतही ऐकू येते. भारतीय वारसा कायदा १९२५ चा आहे आणि आई-वडील मृत्युपत्र न करता गेले तर ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा तो देतो. तरीही बहिणीला तलाठ्याकडे किंवा वकिलाकडे नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते. ती माहेर तुटू नये म्हणून सही करते आणि आपण त्याला प्रेम म्हणतो. तिने खरोखर आनंदाने दिले असेल तर गोष्ट वेगळी. पण तिला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक होती का, हे भावाने मिस्साला येण्यापूर्वी स्वतःला विचारावे.

काही जण म्हणतील, फादर, प्रवचनात हे विषय कशाला? आत्म्याच्या तारणाबद्दल बोला. त्यांना आमचे नम्र उत्तर असे की, शास्त्र्याचा प्रश्न तारणाबद्दलचाच होता. सार्वकालिक जीवन मिळण्यासाठी काय करावे, असे त्याने विचारले होते. त्या प्रश्नाला प्रभूने रस्त्यावरच्या जखमी माणसाची गोष्ट सांगितली. स्वर्गाची वाट त्या रस्त्यावरून जाते, हे प्रभूचे म्हणणे आहे, आमचे नाही.

आणखी एक गोष्ट या दाखल्यात आहे, जिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. शोमरोनी रडला आणि निघून गेला, असे झाले नाही. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, उतारशाळेत नेले, रात्रभर काळजी घेतली. सकाळी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असे सांगून गेला. म्हणजे त्याची दया नीट आखलेली होती. तिच्यात पैशाची सोय होती, दुसऱ्या माणसाचा सहभाग होता आणि परत येण्याचे वचन होते. नुसत्या कळवळ्याने समाज बदलत नाही. त्यासाठी उतारशाळा लागतात. लोखंड्यांची संघटना, सावित्रीबाईंची शाळा, अपघातग्रस्ताला वाचवणारा कायदा, आपल्या भगिनींचे दवाखाने, महिलांचे बचत गट, या सर्व उतारशाळाच आहेत. विचार चांगला असेल तर त्याला राहायला घर द्यावे लागते आणि ते चालवायला महिन्याच्या महिन्याला दोन दीनार द्यावे लागतात.

म्हणून या आठवड्यासाठी आपण तीन गोष्टी ठरवू.

पहिली, रस्त्यावर कोणी पडलेला दिसला तर आपण थांबू. एकटे थांबण्याची भीती वाटली तरी १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका येईपर्यंत तिथून हलणार नाही. हा क्रमांक मुलांनाही पाठ करून द्यावा.

दुसरी, ज्या कुटुंबाच्या घरी आपण आजवर कधी जेवलो नाही, अशा आपल्याच धर्मग्रामातील एका कुटुंबाकडे जाऊ. आपण बोलावण्याची वाट पाहू नये आणि गेल्यावर जेवूनच उठावे.

तिसरी, घरात जमिनीची किंवा घराची वाटणी व्हायची असेल, तर लेकीला आणि बहिणीला आधी बसवून विचारू. ती काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐकू. सहीचा कागद त्यानंतर.

ही कामे लहान आहेत, त्यांनी मोठी क्रांती होईल असा आमचा दावा नाही. पण छात्रालयातली खोली झाडणारा मनुष्यच पुढे पंढरपूरला बसू शकला, हे आपण विसरू नये.

दाखल्याच्या शेवटी प्रभूने त्या शास्त्र्याला कोणतेही तत्त्वज्ञान सांगितले नाही. जाऊन तसेच करायला सांगितले. आम्हाला तर तो महामार्ग अजूनही रोज दिसतो. त्या रात्री जे केले नाही ते आता बदलता येणार नाही, पण पुढच्या वेळी गाडी थांबेल, एवढे आम्ही आपल्यासमोर आणि देवासमोर बोलून ठेवतो.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तू स्वतः स्वर्गाची वाट सोडून आमच्यासाठी खाली उतरलास आणि आमच्या जखमांपाशी थांबलास. आम्हाला पाहणारे डोळे दे, थांबणारे पाय दे. ज्यांना टाकून आम्ही निघून गेलो, त्यांची क्षमा मागण्याचे धैर्य दे. आमच्या घराचे, मंदिराचे आणि मनाचे दार तू उघड, म्हणजे पारोळ्यातील आणि साऱ्या खानदेशातील कोणीही बाहेर उभा राहणार नाही. आमेन.

ख्रिस्तात आपले,
धर्मगुरू